दारावरचा ल्युबेन

"मावशी, दारावर पुन्हा कोणीतरी मेलंय. तेवढं पुसून टाकता का?"

योआनाने हे जिना उतरता उतरताच सांगितलं. एका कानाला फोन होता, हातात फुलांचा गठ्ठा होता, आणि उत्तरासाठी थांबायला तिला वेळ नव्हता. दुपारी मासिकवाले यायचे होते. जगभरातल्या मोठ्या शहरांतली तऱ्हेवाईक आणि देखणी हॉटेलं निवडून त्यांचे फोटो छापणारं ते मासिक होतं, आणि बल्गेरियातल्या सोफियातून या एकाच हॉटेलचा नंबर लागला होता. पोरगी व्यवस्थापक होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिची तारांबळ समजण्यासारखी होती.

नेवेना हातातले उशांचे अभ्रे मोजता मोजता थांबली. दारावर कोण मेलंय ते बघायला तिला खाली जायची गरज नव्हती. उजाडता उजाडता तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. रात्री मैद्याची खळ शिजवली, डब्यात भरली आणि पहिल्या ट्रॅमने आली. ल्युबेन तिचा नवरा. आज त्याचा चाळिसावा दिवस होता.

माणूस गेला की त्याचा कागद लागतो. वर फोटो, खाली नाव, त्याखाली चार ओळी. गेला त्या दिवशी एक, चाळिसाव्याला एक, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे बायकोच्या पायांत बळ असेल तोवर. तो लावायचा तो माणूस जिथे राहिला त्या घराच्या दारावर. येणारे जाणारे पिशवी खाली ठेवून वाचतात, गेलेल्याचं वय बघतात, मनातल्या मनात आपलं वय त्यातून वजा करतात आणि पुढे जातात. कागद कोणी फाडत नाही. ऊन, पाऊस त्याचं काय ते बघून घेतात. या रिवाजाला गावंढळ म्हणणारे आता पुष्कळ झालेत, पण त्याचा खरा उपयोग ज्याच्या घरचं गेलं त्यालाच कळतो. आपल्या तोंडाने सांगावं लागत नाही. कागद सांगतो.

नेवेनाला तोंडाने सांगता आलं नव्हतं, हीच तर सगळी अडचण होती. ल्युबेन गेला तो शहराच्या टोकाला, ल्युलिनमधल्या सिमेंटच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. तिथल्या दारावर तिने रीतसर कागद लावला होता. लोकांनी वाचला आणि एकमेकांना विचारलं, हा कुठला? सहाव्यावरचा? तो ऑक्सिजनवाला होय? तेवढ्यात लिफ्ट आली आणि सगळे वर गेले. दीड वर्षात त्यांना ल्युबेन म्हणजे नाकातली नळी एवढाच माहीत झाला होता. त्याची खरी माणसं इथे, या लिंडनच्या झाडांच्या गल्लीत होती. त्याचा जन्म इथला. त्याला ओळखणारा मोची इथला, भाजीवाली इथली. सगळी रोज विचारत, "ल्युबेन कसाय?" आणि नेवेना रोज म्हणत असे, "बराय." चाळीस दिवस तिने मेलेल्या माणसाची खुशाली सांगितली होती. ते आता तिच्याच्याने होत नव्हतं.

आणि घर तर आता हॉटेल होतं. द्रागिएव साहेबांनी एकेक मजला करत सगळी इमारत विकत घेतली. कुणाचं छत गळत होतं, कुणाला म्हातारपणी जिने चढवत नव्हते, नेवेनाच्या मुलाला जर्मनीत घर घ्यायचं होतं. जो तो आपापल्या कारणाने सह्या करून गेला. साहेब हुशार माणूस. त्याने जुनं काही फेकलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्यांची खुर्ची तशीच ठेवली, पाहुणे तीत मागे रेलून वाइन पितात. संगीतशिक्षिकेच्या खोलीत पियानोच्या पोटात हात धुवायचं भांडं बसवलं. लाकडी लिफ्ट उखडून खाली दिवाणखान्यात आणून ठेवली आणि आत दोघांना बसायला मखमली बाक टाकला. आणि सातव्या खोलीत भिंतीवर चौकटीत ल्युबेनचे नट आवळायचे पाने लावले, लहानापासून मोठ्यापर्यंत, कारण तो लिफ्टचा मेकॅनिक होता आणि घर सोडताना पान्यांचं खोकं उचलायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. त्या खोलीतला पलंग नेवेना रोज आवरते. तीस वर्षं ती स्वतः तिथेच निजत होती.

नोकरी मागायला तीच गेली होती. घर तर गेलंच, निदान घरात जायला मिळेल असं तिला वाटलं. ल्युबेन एकदाच बघायला आला. त्या लिफ्टमध्ये एक जोडपं कॉफी पीत बसलं होतं. त्याने दार सरकवून बघितलं, सवयीने वरच्या दोराकडे नजर टाकली, दोर नव्हता, आणि तो बाहेर पडला. पुन्हा त्याने या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं, आणि कपाटातली आपली पिशवी काखेला अडकवली. बाहेर लख्ख ऊन होतं. ल्युबेन दाराच्या पितळी मुठीच्या जरासा वर होता. फोटो मुलाच्या लग्नातला. छापणाऱ्याने बाकीची मंडळी कापून टाकली होती, पण नवरीच्या झिरझिरीत ओढणीचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर राहून गेला होता. तिने फडकं पिळलं आणि दाराची मूठ पुसली. मग पत्रपेटी पुसली. मग घरक्रमांकाची पाटी पुसली. अख्खं दार चकचकीत झालं, मधला कागद तेवढा कोरडा राहिला.

"नेवेना, अगं काय झालंय काय तुला? घटकाभर तुझे बूट एका जागी बघतोय. मुंग्या आल्या का पायाला?"

हा मेतोदी मोची. शेजारच्या इमारतीच्या तळघरात त्याचं दुकान होतं. खिडकी फुटपाथच्या पातळीला, गिऱ्हाइकाने गुडघे टेकून आत जोडे द्यायचे. चाळीस वर्षं त्याने गल्ली घोट्यापर्यंतच बघितली होती, आणि जोड्यांवरून माणूस सांगण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. तो पायऱ्या चढून, एप्रनला हात पुसत वर आला.

"काय, साहेबाने पगार..." असं म्हणता म्हणता त्याचं दाराकडे लक्ष गेलं. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. नाव वाचलं, तारीख वाचली, पुन्हा नाव वाचलं.

"हा आपला ल्युबेन?"

"हो."

"मागच्या सोमवारी मी तुला विचारलं. बरा आहे म्हणालीस."

"म्हणाले."

"त्याच्या जोड्यांना मी नवे तळ ठोकून ठेवलेत की गं. तुला म्हटलं घेऊन जा, तर म्हणे स्वतःच येतील."

"माझ्या तोंडून निघेना, मेतोदीदादा. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुमच्या खिडकीशी आले की 'बराय' म्हणून पुढे निघायचे."

मेतोदीने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. त्याला राग आलेला दिसला, आणि तो गिळलेलाही दिसला. "शहाणीच आहेस," तो म्हणाला. "मी तिकडे तळ ठोकतोय, हा इकडे निघून गेला. बरं. लावलास ते बरं केलंस. आता कोणी विचारायचं नाही तुला."

तिने पिशवीतून कागदी पेला काढून त्याच्या हातात दिला. उकडलेले गहू, त्यात साखर आणि अक्रोड. चाळिसाव्याचं हे खायला दिलंच पाहिजे, त्याशिवाय जीव पुढे सरकत नाही म्हणतात. मेतोदीने चमचाभर तोंडात घातले. "देव त्याला क्षमा करो," तो म्हणाला आणि मग कोपऱ्यावर जाऊन भाजीवालीला हाक मारली. सोन्या नाव तिचं. ती काट्यावरचे टोमॅटो तसेच टाकून आली आणि कागदापुढे उभी राहून मोकळेपणी रडली. तिच्या मागून औषधवाला आला. कधीकाळी ल्युबेनने ज्यांच्या सोळा पिशव्या लिफ्टने वर नेल्या होत्या त्या दोघी म्हाताऱ्या बहिणी आल्या. दारासमोर चांगला घोळका जमला. ल्युबेनवर लोक बोलू लागले. लिफ्टमध्ये अडकलेल्या औषधवाल्याच्या लग्नाच्या वऱ्हाडाला त्याने छतातून कसं बाहेर काढलं, आणि वर "नवरी आधी काढतो, नवरा राहिला तरी चालेल" असं कसं म्हणाला होता, ते निघालं. नेवेना बादलीशेजारी उभी राहून ऐकत होती. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण विधवा आहोत, नुसत्या थकलेल्या नाही.

चाकांची बॅग ओढत एक पाहुणी बाई बाहेर आली. समोर पेले वाटताहेत म्हटल्यावर तिने हसून हात पुढे केला. हॉटेलचा नाश्ताच असावा असं तिला वाटलं. नेवेनाने तिलाही दिला. बाईने तिथेच उभ्याने खाल्ला, आणि अंगठ्याने फार छान असल्याची खूण केली.

"खाऊ दे," मेतोदी पुटपुटला. "ल्युबेनला परक्याचं वावडं नव्हतं."

रस्त्यापलीकडे लिंडनखाली एक बाई केव्हाची उभी होती. ती दिमाना, वरच्या संगीतशिक्षिकेची मुलगी. नेवेनाने तिला लहानपणी वेण्या घालून दिल्या होत्या. गेल्या वसंतात दिमानाची आई वारली तेव्हा तिनेही याच दारावर कागद लावला, आणि त्यावरची खळ वाळायच्या आत तो पुसला गेला. पुसणारी नेवेना. तेव्हापासून दिमाना समोरून आली की फुटपाथ बदलायची. आज ती रस्ता ओलांडून आली. लोकांनी तिला वाट दिली. तिने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"फोटो चांगला निघालाय," ती म्हणाली.

"आमच्या बोयानच्या लग्नातला आहे."

"आईचाही चांगला होता. तुला बघायला वेळ झाला नसेल."

"दिमाना, मला सांगितलं होतं गं. नोकरीचा सवाल होता."

"आज नाही सांगितलं?"

नेवेनाने बादलीकडे पाहिलं. "आजही सांगितलंय."

"मग पूस की. ओलं फडकं आधी तोंडावरून फिरवायचं, तोंड गेलं की बाकीचं सोपं जातं. तूच दाखवलंस मला. मी त्या झाडाखाली उभी होते."

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे नेवेनाला आता कोणी सांगायला नको होतं. तिला म्हणायचं होतं की त्या दिवशी मी तुझ्या आईची माफी मागत पुसलं. पण मनातल्या मनात मागितलेली माफी समोरच्याला काय दाखवणार? तिने पेला पुढे केला. दिमानाने तो घेतला.

"हा ल्युबेनकाकांसाठी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही." आणि ती पेला घेऊन पुन्हा झाडाखाली जाऊन उभी राहिली.

एवढ्यात योआना बाहेर आली. "मावशी, मी तासापूर्वी काय सांगितलं तुम्हाला? साहेब पोचतच..." तिने घोळका बघितला, पेले बघितले, मग दाराकडे वळून कागद वाचला. खालचं आडनाव वाचून तिचा हात तोंडाशी गेला.

"मला कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "मी नीट बघितलंसुद्धा नाही."

"संध्याकाळपर्यंत राहू द्या. अंधार पडला की मी स्वतः काढते."

"साहेब मला उभी जाळतील. मावशी, आत लावू या ना? तुमच्या सातव्या खोलीत. मी छान चौकट आणून देते."

"तिथे वाचणार कोण? तिथे परदेशी झोपतात."

पोरगी मनाने वाईट नव्हती. तिने लोकांकडे पाठ केली. "मी काही बघितलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "पण साहेब आल्यावर मला बघावंच लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

साहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले. बरोबर उंच, पांढऱ्या दाढीचा डॅनिश छायाचित्रकार, त्याचे दिवे उचलणारे दोघे, आणि पाहुण्यांचं सोंग घ्यायला आणलेलं एक तरुण जोडपं. लोक आपोआप पांगले. मेतोदी मात्र तळघराच्या पायऱ्यांवर कमरेपर्यंत बाहेर राहिला. द्रागिएव साहेबांनी दार बघितलं आणि दात न उघडता योआनाला विचारलं, "हे काय आहे?"

योआना काही बोलणार तोच छायाचित्रकार कागदापुढे जाऊन उभा राहिला. डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मग इंग्रजीत भराभरा बोलला. त्याला अर्थातच अक्षर लागत नव्हतं. हा रुबाबदार म्हातारा कोण, असं तो विचारत होता. जुना दरवान का? घराचा मूळ मालक? दाराचं जुनं लाकूड, पितळ आणि मध्ये हा चेहरा, अख्ख्या हॉटेलात याहून सुंदर जागा त्याने बघितली नव्हती.

साहेबांचा चेहरा बघता बघता पालटला. "या घराचाच माणूस," ते म्हणाले. "घराचा आत्मा म्हणा ना."

योआना दिवेवाल्यांना प्लग दाखवायला वळली.

दिवे लागले. तरुणीने मोठ्या काठाची हॅट घातली, तरुणाने रिकामी सूटकेस उचलली. तिने दाराशी वळून ल्युबेनकडे बघत हसायचं, असं ठरलं. ती हसली. छायाचित्रकाराला आणखी हवं होतं. मग तिने दोन बोटं ओठांना लावून ल्युबेनच्या गालाला लावली. तेव्हा तो खूश झाला आणि तेच चार-पाच वेळा करून घेतलं. ल्युबेनचा गाल तिच्या बोटांनी जरा ओलसर झाला.

"मावशी, थोडं बाजूला व्हा," दिवेवाला म्हणाला. "फोटोत बादली येतेय."

नेवेना बाजूला झाली. हेच तर हवं होतं, ती स्वतःला समजावत होती. कागद राहिला. संध्याकाळपर्यंत काय, आता आठवडाभर राहील.

साहेबांना एव्हाना चांगलीच स्फूर्ती आली होती. "योआना, लिहून घे. प्रत्येक खोलीच्या दारावर असा एक कागद. असेच छापायचे, जुने चेहरे, काळी चौकट. बाजारात जुने फोटो ढिगाने मिळतात."

"साहेब, हे मेलेल्या माणसांचे असतात."

"ते तुला माहीत, मला माहीत. पाहुण्यांना कुठे वाचता येतंय?" मग ते नेवेनाकडे वळले. चांगल्या मूडमध्ये होते. "तुम्ही लावलात ना? छान केलंत. मी नियम मोडून राहू देतोय बरं का. कोण होते तुमचे?"

"नवरा."

"अरेरे. पण बघा, मेल्यावरही घराच्या कामी आले. आवडलं असतं त्यांना. लिफ्ट ठेवली आहे तीही आवडली असती."

"त्यांना चालणारी लिफ्ट आवडायची," नेवेना म्हणाली.

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीच्या आहेत. नेवेनाने वाकून फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि दाराशी गेली.

"अहो, राहू द्या म्हटलं ना. मी परवानगी दिली तुम्हाला."

"म्हणूनच काढतेय, साहेब."

तिने फडकं तोंडावर लावलं नाही. खालच्या कडेपासून सुरुवात केली. पण खळ तिची स्वतःची होती, हिवाळा निघावा म्हणून तिने ती दाट शिजवली होती. कागद अखंड निघेना. आधी चार ओळी गेल्या, मग तारखा गेल्या, मग नाव दोन तुकड्यांत आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुरकुर कुणाकडे करणार? फोटोशी आल्यावर तिने फडकं टाकलं आणि ओल्या बोटांनी हळूहळू चोळायला घेतलं. खांद्यावरची ओढणी गेली. हनुवटी गेली. कपाळ लाकडाला घट्ट धरून बसलं होतं, ते तिला नखाने खरवडावं लागलं. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. साहेब काहीतरी बोलत होते. मग तेही थांबले. छायाचित्रकाराने योआनाला विचारलं, योआनाने त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्याने कॅमेरा खाली घेतला. हॅटवाली मुलगी आपल्या दोन बोटांकडे बघत राहिली.

दार स्वच्छ झालं. नेवेनाने पायरीवर पडलेले बारीक तुकडे वेचून बादलीत टाकले. पाणी पिठूळ झालं होतं आणि त्यात ल्युबेनचे तुकडे फिरत होते. बादली ओतायची मोरी दाराजवळच होती, पायरीला लागून. नेवेना ती ओलांडून गेली. तिने रस्ता पार केला आणि लिंडनच्या बुंध्याशी, दिमानापासून हातभर अंतरावर, बादली सावकाश तिरपी केली. झाड तहानलेलं होतं. पाणी पटकन मुरलं, आणि कागदाचे ओले कपटे मातीवर उघडे राहिले.

दोघीजणी त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. मग दिमानाने बुटाच्या टोकाने शेजारची माती त्यांच्यावर ओढली आणि पायाने हलकेच दाबली.